अर्धं सूत

रविवारी सकाळी कन्नमवारनगरात
पाण्याचा टँकर येऊन गेल्यावर
मी गाडीखाली पुठ्ठा सरकवला.
फ्रिजच्या खोक्याचा. त्यावर अजून छापलेलं,
ही बाजू वर.

सेक्रेटरी उकिडवे ताठ उभे,
मी उकिडवा.
म्हणाले, नव्या फरशीचे पैसे सगळ्यांनी भरलेत,
आणि डाग एकट्या तुमचा.
म्हटलं, आज शेवटचं.
मागच्या रविवारीही हेच म्हटलं होतं.

मागच्या रविवारी कुर्ल्याच्या बोळातून
साठ रुपयांचं सील आणलं.
पाकिटावर कंपनीच्या नावातलं एक अक्षर कमी.
कोरडंच बसवलं, हातोडीनं, एका बाजूनं,
पाहुणे यायचे होते.
सोमवारी पहाटे फरशीवर
नव्या सीलमधून जुनीच धार.

आज नाझनीन आहे, सी विंगमधली, अकरावीतली.
बॅटरी धरायला कुणीतरी हवं होतं
आणि तिला अभ्यास नको होता.
पाचवा गिअर टाकून तिनं ब्रेक दाबून धरला,
मी सतरा नंबरच्या पान्याला नळाचा पाइप जोडून
लटकलो.
बोल्ट बराच वेळ गप्प.
मग कर्र.
माझं कपाळ बंपरवर,
आणि तोंडातून जे निघालं
ते तिनं ऐकलंच नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं.

पट्ट्यावर खुणा तिच्या नेलपॉलिशनं केल्या.
स्क्रूड्रायव्हरला चिंधी गुंडाळून
आठवड्याचं सील उचकटलं.
ओठ एका जागी दुमडलेला,
बोलता बोलता राहून गेल्यासारखा.
त्याच्या आधीचं, गाडीबरोबर आलेलं,
चोवीस वर्षांचं, डब्यात ठेवलं होतं.
दाबून पाहिलं, काचेच्या बांगडीसारखं कडक.

काका, दांड्यावर रेघ आहे.
होती.
नखाला लागेल एवढी.
रबरानं लोखंडात कोरलेली.
इतकं मऊ काहीतरी
इतकी वर्षं एकाच जागी टेकलेलं.
मी तिच्या हातातली बॅटरी घेतली, परत दिली.
तिसऱ्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली,
आमच्याच. हेमलताचा कुकर
अर्धी शिट्टी देऊन थांबतो.

मग नवं त्याच रेघेवर कशाला, नाझनीन म्हणाली.
खरंच, कशाला.

छापखान्यात आमचे गोठोसकर मशीनमन
मिलिमीटर मानत नसत, सूत मानत.
फिरणाऱ्याला धरू नये रे, म्हणत,
टेकून असावं.
छापखाना गेला, त्या जागी आता टाइल्सचं शोरूम आहे,
कदाचित ही फरशीही तिथलीच.

तर अर्धं सूत अलीकडे.
करंगळीनं ओठाला तेल लावलं,
थंडीत उललेल्या ओठांना तूप लावतात तसं.
पीव्हीसीच्या तुकड्यानं
वर एक ठोका, खाली एक,
मग डावीकडे, मग पुन्हा वर.
नाझनीननं मोजले, एकोणीस.
पूर्ण आत नाही गेलं, जाऊ दिलं नाही.
कडा किंचित बाहेर,
पुस्तकातल्या चित्रात असते तशी अजिबात नाही.

उकिडवे परत आले. झालं?
उद्या कळेल.
साखर आणि भांड्यांचा साबण घेऊन
दोघांनी नळावर हात घासले.
तिच्या नखांतलं काळं काही गेलं नाही,
ते ती सगळ्यांना दाखवत घरी गेली.

पहाटे साडेपाचला अनवाणी खाली उतरलो.
पुठ्ठ्यावर एक थेंब.
बोट लावलं, हुंगलं, चोळलं.
पाणी.
वर पाहिलं, उकिडव्यांचा एसी.
इंजिनाखाली पुठ्ठा कोरडा,
ही बाजू वर.

घरी आलो. हेमलता चहा ठेवत होती.
रोज ओट्याला जिथं टेकून उभा राहतो
त्याच्या जरासा अलीकडे उभा राहिलो.
ती म्हणाली, तिथं काय उभा राहिलास,
सरक, गॅस लागेल.